काटा खोटे बोलतो तेव्हा

(मोटारीच्या टाकीत पेट्रोल किती आहे, हे समोरचा एक लहानसा काटा सांगतो. तो बिघडला तर काय करावे? थोड्या पैशांत दुरुस्ती करायची असेल तर सुरुवात कोठून करावी? या पाठात त्याची माहिती दिली आहे.)

मुलांनो, समजा तुम्ही शिरूरला राहता. तुमच्या अब्बांकडे एक जुनी मारुती ८०० आहे. ही गाडी आपल्या देशात १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर ती अजून दिसते. तुमच्या अब्बांनी ती जुन्या मालकाकडून घेतली आहे आणि जपून वापरली आहे.

आज रात्री तुमची आजारी नानी सोलापूरहून रेल्वेने येणार आहे. शिरूरला रेल्वे नाही. म्हणून नानी दौंडला उतरेल. दौंड हे मोठे जंक्शन आहे. मुंबई-सोलापूर मार्गावरून मनमाडकडे जाणारा फाटा तेथून फुटतो. नानीला आणायला तुम्ही आणि अब्बा संध्याकाळी निघता. न्हावरे, मग पारगावजवळ भीमेवरचा पूल, पुढे चौफुला, पाटस आणि दौंड असा रस्ता आहे. निघण्यापूर्वी अब्बा काट्याकडे पाहतात. काटा टाकी भरलेली दाखवतो. गेल्या आठवड्यात टाकी भरली होती, म्हणून कोणालाच शंका येत नाही.

न्हावरे मागे पडते. दोन्ही बाजूंना उसाचे मळे लागतात. अंधार पडतो आणि गाडी दोन-तीन आचके देऊन थांबते. बॅटरी ठीक आहे, दिवे लागतात. पण इंजिन सुरू होत नाही. अब्बा टाकीचे झाकण उघडून गाडी हलवतात. आत पेट्रोलचा आवाजच येत नाही. टाकी कोरडी आहे आणि काटा मात्र अजूनही भरलेलीच दाखवतो आहे!

एक भला ट्रॅक्टरवाला तुम्हांला पंपापर्यंत नेतो. दौंडला पोहोचायला दीड तास उशीर होतो. नानी फलाटावरच्या बाकावर एकटीच बसून असते. ती काही बोलत नाही, पण तिचा चेहरा पाहून अब्बांना फार वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी अब्बा गॅरेजमध्ये जातात. तेथे त्यांना सांगितले जाते, "सगळे मीटर बदला, टाकीतला फ्लोटही बदला." खर्च ऐकून अब्बा गप्प होतात. जून महिना आहे. तुमच्या वह्या, गणवेश, धाकट्या बहिणीची फी, नानीची औषधे असे सगळे समोर उभे आहे. काय करावे?

मराठीत एक म्हण आहे : रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. आजार एकीकडे आणि उपचार दुसरीकडेच, असा तिचा अर्थ. दोष कोठे आहे हे न शोधता भाग बदलत गेलो तर असेच होते. पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. म्हणून आधी शोध, मग खर्च.

काटा कसा चालतो?

दोष शोधायचा तर यंत्र कसे चालते हे समजले पाहिजे. पूर्वी बऱ्याच गाड्यांना असा काटाच नव्हता. अमेरिकेतली फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत होती. तिच्या टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजत असत. आपल्याकडे जुन्या बजाज स्कूटरला रिझर्व्हची चावी असे. पेट्रोल संपत आले की चावी फिरवायची आणि उरलेल्या थोड्या पेट्रोलवर पंप गाठायचा. तेही संपले तर स्कूटर एका बाजूला कलती करून दोन-चार थेंब मिळतात का ते पाहायचे!

मोटारीतल्या काट्याचे मुख्य भाग तीन. टाकीतला फ्लोट, समोरचे मीटर आणि या दोघांना जोडणारी तार.

फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ तुकडा. तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल वाढले की फ्लोट वर येतो, कमी झाले की खाली जातो. विहिरीतल्या पाण्याबरोबर बादली वर-खाली व्हावी, तसा. दांडीचे दुसरे टोक एका रोधपट्टीवर सरकते. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तुम्ही विज्ञानाच्या तासाला ज्याला मुजाहमत म्हणता, त्यालाच मराठीत रोध म्हणतात; आणि ज्याला बर्की रौ म्हणता, ती विद्युतधारा.

अशा गाडीत टाकी भरलेली असली की रोध कमी असतो. त्यामुळे तारेतून जास्त विद्युतधारा वाहते आणि काटा 'एफ' या अक्षराकडे, म्हणजे 'भरलेली'कडे जातो. टाकी रिकामी होत गेली की रोध वाढतो, विद्युतधारा कमी होते आणि काटा 'ई'कडे, म्हणजे 'रिकामी'कडे उतरतो. काही गाड्यांत याच्या उलट रचना असते. म्हणून तपासणीपूर्वी आपल्या गाडीची रचना माहीतगाराला विचारून घ्यावी.

बॅटरीतून निघालेली वीज मीटर, तार आणि फ्लोट यांतून जाते. पुढे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून ती बॅटरीकडे परतते. या परतीच्या वाटेला कारागीर 'अर्थ' म्हणतात. ही वाट गंजली तरी काटा बिघडतो. म्हणजे दोष कधी फ्लोटमध्ये, कधी मीटरमध्ये, तर कधी नुसत्या वाटेत असतो. वाटेतला दोष सर्वांत स्वस्त. म्हणून तो सर्वांत आधी शोधायचा.

काट्याची भाषा

काटा खोटे बोलत असला तरी त्याच्या बोलण्याची रीत नीट पाहावी. तिच्यातून दोषाचा सुगावा लागतो.

१. काटा नेहमी 'रिकामी' दाखवत असेल, तर तार तुटली असेल, जोड निघाला असेल, टाकीची अर्थ गंजली असेल किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला असेल.

२. काटा नेहमी 'भरलेली' दाखवत असेल, तर तारेचे आवरण घासून ती गाडीच्या पत्र्याला टेकली असेल. तार टेकली की वीज फ्लोटपर्यंत न जाता मधूनच परत फिरते. मीटरला वाटते, टाकी भरली आहे! कधीकधी फ्लोटची दांडी वर अडकली तरीही असेच होते.

३. काटा उड्या मारत असेल किंवा एकाच जागी अडकत असेल, तर जोड सैल असतील किंवा रोधपट्टी झिजली असेल.

४. पेट्रोलचा आणि इंजिनाच्या उष्णतेचा असे दोन्ही काटे एकदम बिघडले, तर टाकीला दोष देऊ नये. दोघांना वीज पुरवणारी वाट, फ्यूज किंवा मीटरमागची अर्थ आधी पाहावी.

तुमच्या अब्बांचा काटा दुसऱ्या प्रकारचा आहे. तो 'भरलेली' दाखवतो.

एक सोपी परीक्षा

आता अब्बा एका जाणत्या वायरमनला बोलावतात. गाड्यांच्या विजेचे काम करणाऱ्याला आपल्याकडे वायरमन म्हणतात. तो पाने-पकड बाहेर काढण्याआधी अब्बांना चार प्रश्न विचारतो : काटा केव्हापासून अडकला? दुसरा काटा बरोबर आहे का? अलीकडे मागची सीट काढली होती का? गाडीत उंदीर शिरले होते का? अब्बांना आठवते, की गेल्या महिन्यात सीट शिवायला दिली होती.

गाडी मोकळ्या अंगणात उभी केली जाते. वायरमन आधी चावी बंद करतो आणि फ्लोटकडे जाणारी तार जोडातून सोडवतो. मग तो अब्बांना चावी फिरवायला सांगतो. तार सुटल्यावर काटा 'रिकामी'वर यायला हवा. तो आला तर मीटर आणि तार ठीक, दोष टाकीतल्या फ्लोटचा. पण काटा हलतच नाही. तो 'भरलेली'वरच आहे.

याचा अर्थ काय? टाकीकडची तार सोडलेली असूनही मीटरला वीज परत जाण्याची वाट मिळते आहे. म्हणजे फ्लोट निर्दोष आहे. टाकी उघडण्याची गरज नाही. एवढे कळायला अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही.

आता वायरमन पुन्हा चावी बंद करून मीटरच्या बाजूने तीच तार सोडवतो. चावी फिरवताच काटा हळूहळू 'रिकामी'वर उतरतो. म्हणजे मीटरही निर्दोष. राहिली ती मधली तार.

मागची सीट उचलल्यावर चोर सापडतो. पत्र्याच्या भोकातून तार जाते, तेथले रबरी वायसर हरवले आहे. पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापले गेले आहे आणि आतले तांबे पत्र्याला टेकले आहे. चावी बंद करून तार नीट केली जाते, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली जाते आणि भोकात नवे रबरी वायसर बसते. जोड पॉलिशपेपरने घासून चकचकीत केले जातात. चावी फिरवल्यावर काटा खरे बोलू लागतो. सगळे मीटर आणि फ्लोट बदलले असते, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला असता. शिवाय तार तशीच राहिली असती आणि नवा काटाही खोटेच बोलला असता.

याच्या उलट दोष असेल, म्हणजे काटा 'रिकामी'वरच अडकला असेल, तर वायरमन सोडवलेल्या तारेचे टोक बारा व्होल्टच्या लहान दिव्यातून गाडीच्या पत्र्याला जोडतो आणि काटा वर चढतो का ते पाहतो. टाकीचे झाकण उघडे असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर ही परीक्षा तेथे मुळीच करू नये.

जेथे काटकसर करू नये

कधी दोष खरोखर टाकीत असतो. मग फ्लोट बाहेर काढावा लागतो. मुलांनो, हे काम तुम्ही करायचे नाही. मोठ्यांनीही ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. पेट्रोल इतके ज्वालाग्राही आहे, की शून्याखाली ४० अंश इतक्या थंडीतही त्याची वाफ पेटू शकते. मग आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल काय सांगावे!

म्हणून असे काम उघड्या जागेत करावे. बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. जवळ चूल, बिडी, दिवा, मोबाईल काहीही नसावे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये. ते पोटात किंवा फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. फ्लोट कानाजवळ हलवला आणि आत पेट्रोल खळखळले, तर तो फुटका आहे. धातूचा फ्लोट असला तरी त्याला डाग लावायला तापवू नये. आत वाफ कोंडलेली असते, तिचा स्फोट होऊ शकतो. अशा वेळी फ्लोट बदलावा आणि झाकणाखालचे पॅकिंगही नवे घालावे. पैसे वाचवायला जुने पॅकिंग परत बसवले, तर पेट्रोल झिरपते. काटकसर शोधात करावी, सुरक्षिततेत करू नये.

फ्लोट ठीक असेल, पण रोधपट्टी मळलेली असेल, तर ती साफ करून पुन्हा वापरता येते. मल्टिमीटर लावून दांडी सावकाश फिरवावी. आकडा हळूहळू बदलत गेला तर पट्टी चांगली. मध्येच आकडा नाहीसा झाला तर पट्टी झिजली, असे समजावे.

वही कधी बिघडत नाही

दुरुस्तीला आठवडाभर उशीर होणार असेल तर? तोपर्यंत एक वही पुरते. टाकी पूर्ण भरावी आणि गाडी किती किलोमीटर चालली आहे तो आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी पूर्ण भरताना किती लिटर लागले, ते पाहावे. समजा, २४० किलोमीटर चालल्यावर १६ लिटर लागले. म्हणजे गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते. शिरूर ते दौंड जाऊन-येऊन, वळसे धरून, १५० किलोमीटर मोजले, तर १० लिटर पेट्रोल हवे. त्यात ५ लिटर जास्तीचे धरावे. रस्ता बंद असतो, वळसा पडतो, घाटात जास्त पेट्रोल लागते.

पंपावर मापाबद्दल शंका आली, तर ५ लिटरचे प्रमाणित माप मागून तपासता येते. तो ग्राहकाचा हक्क आहे.

पण हिशेबही नीट करावा लागतो. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. त्याचे इंधन दाखवणारे मीटर बंद होते. म्हणून टाकीत किती इंधन आहे ते हाताने मोजून हिशेब करण्यात आला. कॅनडात तेव्हा जुनी मापे जाऊन नवी येत होती. एका लिटर इंधनाचे वजन किलोग्रॅममध्ये सुमारे ०.८ भरते. हिशेब करणाऱ्यांनी १.७७ हा आकडा वापरला. तो पौंडांचा होता! किलोग्रॅम समजून पौंड भरले गेले आणि विमानात गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन पडले. ४१,००० फूट उंचीवर इंधन संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणारे विमान, चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते प्रचंड विमान तरंगत नेऊन गिमली गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. विमानातली सर्व ६९ माणसे वाचली.

मीटर बंद आहे, हे त्या लोकांना ठाऊक होते. चूक झाली ती हिशेबात. तुमच्या अब्बांना तर काटा बिघडल्याचे ठाऊकच नव्हते. बंद पडलेल्या काट्यापेक्षा खोटे बोलणारा काटा जास्त धोक्याचा असतो, कारण आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून दुरुस्तीनंतरही अब्बांनी वही सोडली नाही. पेट्रोल भरताना ते काटा कोठे आहे ते पाहतात आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघतात. दोघांची साक्ष जुळली की गाडी निघते. पुढच्या महिन्यात नानी परत सोलापूरला जायला निघाली, तेव्हा गाडी वेळेच्या अर्धा तास आधी दौंडच्या स्टेशनवर उभी होती. नानी हसून म्हणाली, "आज तुमच्या काट्याने खरे सांगितले वाटते!"

शब्दार्थ

पखाल – पाणी वाहून नेण्याची कातड्याची मोठी पिशवी
फलाट – रेल्वे स्टेशनवरचा प्लॅटफॉर्म
सुगावा – पत्ता, खूण
जाणता – माहिती आणि अनुभव असलेला
निर्दोष – ज्यात दोष नाही असा
ज्वालाग्राही – लगेच पेट घेणारे
डाग लावणे – वितळलेल्या धातूने भोक बुजवणे
ताडून बघणे – तुलना करून खात्री करणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याचा प्रसंग येणे

म्हणी

रोग म्हशीला आणि इलाज पखालीला – दोष एकीकडे, उपाय भलतीकडे.
चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला – वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्यावरचा खर्च जास्त.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नानी दौंडला का उतरणार होती?
(आ) काट्याचे तीन मुख्य भाग कोणते?
(इ) गाडीची तार कशामुळे कापली गेली होती?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) वायरमनने टाकी उघडली नाही.
(आ) धातूचा फुटका फ्लोट तापवू नये.
(इ) विमानात इंधन कमी पडले.

प्र. ३. 'खोटे बोलणारा काटा बंद काट्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो.' हे विधान पाठाच्या आधारे चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

प्र. ४. हिशेब करा. एका गाडीला ३०० किलोमीटरसाठी २० लिटर पेट्रोल लागते. तिला ९० किलोमीटर जायचे आहे. ५ लिटर जास्तीचे धरून किती पेट्रोल भरावे?

प्र. ५. खर्च, हिशेब, अंदाज, इलाज, कायम, दुरुस्त, किंमत हे शब्द उर्दूतही आहेत. ते उर्दूत लिहा. कोणत्या शब्दांचा उच्चार मराठीत बदलला आहे ते सांगा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

प्र. ६. पुढील वाक्ये 'जर... तर' वापरून जोडा.
(अ) तार सुटली. काटा रिकामीवर आला.
(आ) पॅकिंग जुने राहिले. पेट्रोल झिरपले.

उपक्रम : तुमच्या गावातील गॅरेजला शिक्षकांबरोबर भेट द्या. कारागीर एखादा दोष कसा शोधतो ते दुरून पाहा. त्याने विचारलेले प्रश्न क्रमाने वहीत लिहा.